एअर पिस्तूल घेण्याआधी रेंजवर ते कसं पारखायचं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चौदा वर्षांची आहे, चार महिने क्लबच्या पिस्तुलावर १० मीटरचा सराव करते आहे आणि प्रशिक्षकांनी आता स्वतःचं घ्या म्हणून सांगितलंय. एक नवं आणि एक सहा वर्षं वापरलेलं, अशी दोन पिस्तुलं समोर आहेत. दोन्ही रेंजवर चालवून बघायला मिळणार आहेत. पण नेमकं बघायचं काय?

काय बघायचं नाही, ते आधी सांगतो. गुण बघू नका. नव्या पिस्तुलावर पहिले दहा शॉट्स बहुतेक वेळा छान जातात, कारण हातात नवीन वस्तू असल्यामुळे नेमबाज जास्त लक्ष देऊन मारतो. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, इथे ती वीस-पंचवीस शॉट्सच टिकते. त्या दहा शॉट्सच्या बेरजेवर लाखाच्या वरचा व्यवहार ठरवणारे पालक पुष्कळ असतात आणि त्यातली बरीच पिस्तुलं वर्षभरात पुन्हा विकायला येतात. पारखायच्या गोष्टी तीन: ग्रिप म्हणजे पिस्तुलाची मूठ हातात कशी बसते, ट्रिगर कसा सुटतो आणि चाळिसाव्या शॉटला हाताची काय अवस्था होते. पिस्तुलाची अचूकता त्यानंतर येते. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी या कंपन्यांपैकी कुठलंही चांगल्या स्थितीतलं मॅच म्हणजे स्पर्धेचं पिस्तूल चौदा वर्षांच्या मुलीपेक्षा अचूकच असतं.

कायद्याचा भाग सोपा आहे. ४.५ मिमी कॅलिबरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ऊर्जा त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी असते. विक्रेता ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत ठेवून घेतो, बिलावर पिस्तुलाचा क्रमांक येतो. ते बिल जपून ठेवा. पुढे २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाकडे वळायचं झालं तर मात्र गोष्टच वेगळी. ते बंदुकीच्या दारूवर चालणारं शस्त्र आहे, त्याला परवाना लागतो आणि त्याची ओळख क्लबच्या हत्यारावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करून घ्यायची असते.

चाचणी कुठे करायची? बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, कोल्हापूरची दुधाळी रेंज किंवा तुमच्या गावातला दहा मीटरचा कुठलाही नीट हॉल चालेल. मुलगी रोज जिथे सराव करते तीच जागा सगळ्यात उत्तम. प्रकाश वेगळा असला की साइट (नेम धरायची खूण) वेगळी दिसते आणि दोष पिस्तुलाच्या माथी मारला जातो. विक्रेत्याच्या दुकानामागच्या बोळात पाच मीटरवर घेतलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. राज्य स्पर्धेच्या दिवसांत एकाच हॉलमध्ये पाच-सहा कंपन्यांची पिस्तुलं दिसतात. त्यांच्या मालकांना विचारायला हरकत नाही, फक्त त्यांची फेरी संपल्यावर विचारा.

जाताना मुलीचे नेहमीचेच बूट, नेहमीचाच चष्मा किंवा ब्लाइंडर (दुसऱ्या डोळ्यापुढची पट्टी) आणि नेहमीचेच पेलेट (एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळ्या) घेऊन जा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त पिस्तुलं हातात देऊ नका, तिसऱ्याला हात थकलेला असतो. पिस्तूल हातात घेण्याआधी नळीतून सेफ्टी कॉर्ड (नळी रिकामी असल्याची खूण असलेली दोरी) आरपार आहे ना, ब्रीच (पेलेट ठेवायची मागची फट) उघडी आहे ना आणि हवेच्या सिलिंडरचा काटा किती दाब दाखवतो, हे बघायचं. पिस्तुलाचं तोंड कायम टार्गेटकडे, आणि साइट टार्गेटखाली स्थिरावेपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब. पिस्तूल अनोळखी असताना ट्रिगर अपेक्षेपेक्षा लवकर सुटतो, म्हणून पहिले चार-पाच ट्रिगर ड्राय फायरवरच, म्हणजे पेलेट न भरता, दाबू द्या.

आता ग्रिप. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायचा, आणि यासाठी एकही पेलेट लागत नाही. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ग्रिपच्या मागच्या उंचवट्याखाली वरपर्यंत घट्ट भिडली पाहिजे. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या खाली टेकलं पाहिजे. तर्जनी मात्र ग्रिपला कुठेच घासता कामा नये. ती मोकळी असावी आणि तिच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर यावा. तळहाताखाली जी सरकणारी फळी असते, पाम शेल्फ, ती स्क्रू ढिले करून वर आणायची. हात आत शिरताना किंचित अडला पाहिजे, पण दोन मिनिटांनी बोटं बधिर होत असतील तर फळी जास्त वर गेली. ग्रिप साधारणपणे एक्स्ट्रा स्मॉल ते लार्ज अशा मापांत आणि उजव्या-डाव्या हाताप्रमाणे मिळते. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात बऱ्याचदा मीडियम ग्रिपचं पिस्तूल दिलं जातं, कारण दुकानात तेच शिल्लक असतं. ग्रिप मोठी असली की तर्जनी ट्रिगरपर्यंत टोकानेच पोचते आणि दाब सरळ मागे न जाता तिरपा जातो. ही चूक मग सहा महिने मुलीच्या नावावर खपते.

ग्रिपची खरी परीक्षा डोळे मिटून होते. नेहमीच्या पवित्र्यात उभं राहायचं, पिस्तूल उचलायचं, डोळे मिटायचे, हात टार्गेटखाली सवयीने स्थिरावू द्यायचा आणि मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट (पुढची) रिअर साइटच्या (मागच्या) खाचेत मधोमध आणि वरच्या कडा एका रेषेत दिसायला हव्यात. हे दहा वेळा करायचं आणि दर वेळी फ्रंट साइट कुठे दिसली ते कागदावर लिहायचं: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. दहातल्या आठ वेळा एकाच बाजूला दिसली तर ग्रिपचा कोन मुलीच्या मनगटाला जुळत नाही. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये ग्रिप स्क्रूवर थोडी आडवी किंवा उभी फिरवता येते. ती फिरवून पुन्हा दहा वेळा बघा. फिरवूनही सुधारलं नाही तर लाकूड तासावं किंवा पुट्टी भरावी लागेल. आणि दर वेळी वेगळीकडेच दिसली तर ग्रिपला दोष देऊ नका, मुलीचा हात अजून त्या पिस्तुलाला सरावलेला नाही, इतकंच. या दोन निकालांत गल्लत झाली की लोक चांगली ग्रिप तासून बसतात.

फ्रंट साइटसाठी एवढा आटापिटा कशाला, त्याचं गणित साधं आहे. दोन साइटमधलं अंतर साधारण ३३० मिमी धरा आणि टार्गेट १०,००० मिमीवर. म्हणजे फ्रंट साइट खाचेत १ मिमी सरकली तर टार्गेटवर छिद्र सुमारे ३० मिमी सरकतं. एका रिंगची रुंदी ८ मिमी, म्हणजे जवळपास चार रिंगा गेल्या. उलट साइट एका रेषेत ठेवून अख्खा हात १ मिमी हलला तर छिद्रही १ मिमीच हलतं. म्हणून हात थरथरला तरी चालतं, मनगट वळलेलं चालत नाही. न जुळणारी ग्रिप नेमकं मनगटच वळवते.

ट्रिगरकडे वळू. नियमाप्रमाणे १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो, म्हणजे तो सुटायला निदान तेवढा दाब लागला पाहिजे. तपासणी अशी होते: पिस्तूल कॉक करून (शॉटसाठी तयार करून) नळी उभी धरतात, ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरच्या मध्यावर अडकवतात आणि सपाट पृष्ठभागावरून सावकाश वर उचलतात. वजन उचललं जाऊनही ट्रिगर सुटला नाही तर पास. बहुतेक रेंजवर हे वजन असतं, मागून घ्या. वापरलेल्या पिस्तुलाचं हे पहिलं काम, कारण आधीच्या मालकाने स्क्रू फिरवून तो ४८० वर आणून ठेवलेला असण्याची शक्यता बरीच असते. ५१० ते ५२० वर लावलेला असेल तर स्पर्धेच्या सकाळी घाम फुटत नाही.

वजनापेक्षा ट्रिगर कसा सुटतो हे महत्त्वाचं. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट थोडं प्रवास करतं आणि एका स्पष्ट भिंतीला टेकतं, दुसऱ्या टप्प्यात थोड्या जास्त दाबाने शॉट सुटतो. शिकणाऱ्या मुलीसाठी एकूण वजनातलं तीन चतुर्थांश पहिल्या टप्प्यात ठेवलं तर बरं पडतं: सुमारे ३८० ग्रॅम पहिल्यात, १३० दुसऱ्यात. भिंत लागल्याचं बोटाला कळलं पाहिजे. ती पुसट असेल किंवा दुसऱ्या टप्प्यात ट्रिगर सरपटत जात असेल, तर मूल ‘आता सुटेल, आता सुटेल’ करत शेवटी झटका देतं. वीस ड्राय फायर करून घ्या, पांढऱ्या भिंतीसमोर, टार्गेटशिवाय. तिने फक्त फ्रंट साइटकडे बघायचं. ट्रिगर सुटताना साइट जागची हलते का आणि हलली तर कुठे, एवढंच विचारा. वीसपैकी पंधरा वेळा साइट निश्चल राहिली तर ट्रिगर जुळला.

इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल, हा वाद रेंजवर चहाबरोबर कायम चालू असतो. इलेक्ट्रॉनिकचा ट्रिगर फार स्वच्छ सुटतो आणि ड्राय फायरला सोपा असतो. बदल्यात बॅटरी लागते, सर्किट असतं आणि बिघाड झाला तर गावातला मेकॅनिक उपयोगाचा नसतो. माझं मत विचाराल तर पहिल्या पिस्तुलाला मेकॅनिकल पुरेसं आहे. अर्थात मेकॅनिकल भागही दगा देतात. २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर मोडला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ती ५७५ गुणांवर १२वी राहिली. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: याचे सील, लिव्हर, ट्रिगरचे सुटे भाग भारतात कोणाकडे आहेत आणि किती दिवसांत मिळतात? उत्तर ‘मागवून देऊ’ असं आलं तर किमतीत ते धरा.

मग शॉट्स. आधी पाच-दहा शॉट्स साइट जुळवण्यासाठी, ते मोजायचे नाहीत. साइटचा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवून ग्रुप, म्हणजे छिद्रांचा घोळका, दहाच्या रिंगच्या आसपास आला की पिस्तूल अ वर २० शॉट्स, पंधरा मिनिटं विश्रांती, पिस्तूल ब वर २०, पुन्हा विश्रांती आणि परत अ वर २०. हे परत जाणं टाळू नका. दुसरं पिस्तूल चांगलं वाटलं ते खरंच चांगलं होतं की तोवर हात तापला होता, हे तिसऱ्या फेरीतच कळतं. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा: ब, अ, ब. शक्य असेल तर कागदी कार्डावर मारा, एका कार्डावर पाच शॉट्स, मागे पिस्तुलाचं नाव आणि फेरी लिहा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रिंट घ्या. बेरीज नको, छिद्रांचा घोळका कसा आहे ते बघायचं.

घोळका उभा लांबट असेल तर दमलेला हात, श्वास किंवा फ्रंट साइटची उंची टिकत नाही. आडवा पसरला असेल तर तर्जनी तिरपी दाबते आहे किंवा ग्रिप मुठीत फिरते आहे. उजव्या हाताच्या नेमबाजाचे अधूनमधून सुटे शॉट्स खाली डावीकडे जात असतील तर तो झटका आहे. तो दोन्ही पिस्तुलांवर दिसला तर मुलीचा, एकावरच दिसला तर त्या ट्रिगरचा. घोळका छान गोल पण दहापासून दूर असेल तर ती फक्त साइटची गोष्ट आहे, आनंद माना. साइटचे क्लिकही तपासून घ्या. पाच शॉट्स मारा, दहा क्लिक डावीकडे, पाच शॉट्स, दहा क्लिक परत उजवीकडे, पाच शॉट्स. तिसरा घोळका पहिल्यावर येऊन बसला पाहिजे. नाही बसला तर रिअर साइटचा स्क्रू झिजलाय.

वजनाबद्दल गैरसमज फार. नियमाप्रमाणे कमाल वजन १५०० ग्रॅम असलं तरी पूर्ण आकाराची मॅच पिस्तुलं साधारण ९०० ते १००० ग्रॅमची असतात आणि कॉम्पॅक्ट मॉडेल त्याहून हलकी. दुकानात एकदा उचलून ‘जमतंय की’ म्हणणं निरुपयोगी. स्पर्धेत ६० शॉट्ससाठी ७५ मिनिटं मिळतात, त्याआधी १५ मिनिटं सायटरची, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या शॉट्सची. हात खाली घेऊन पुन्हा उचलणं धरलं तर मुलगी ते पिस्तूल शंभर वेळा उचलणार आहे. त्यामुळे तिसऱ्या फेरीतले शेवटचे दहा शॉट्स बाजूला काढून बघा. ते पहिल्या दहांपेक्षा खाली सरकले असतील किंवा साइट स्थिर व्हायला सहा-आठ सेकंदांऐवजी बारा-पंधरा लागत असतील, तर पिस्तूल आज तरी जड आहे. पुढची सुटी वजनं काढून बघा, पुष्कळदा ५०-६० ग्रॅम कमी केले की प्रश्न मिटतो. पण ‘दोन वर्षांत हात वाढेल’ म्हणून शाळेच्या गणवेशासारखं मोठं पिस्तूल घेऊ नका. ग्रिप पुढे बदलता येते, खांद्याला लागलेली वाईट सवय सहज सुटत नाही.

आता ते सहा वर्षं वापरलेलं. सगळ्यात आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. हवेच्या सिलिंडरचं आयुष्य उत्पादक साधारणपणे उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षं देतात. म्हणजे या सिलिंडरला जास्तीत जास्त चार वर्षं उरलीत आणि पिस्तूल विकण्याआधी वर्ष-दोन वर्षं दुकानात पडून असेल तर त्याहून कमी. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडवला जाऊ शकतो आणि नवा स्वस्त नसतो. तेवढे पैसे किमतीतून वजा करून घ्यायला संकोचू नका.

गळती बघायची असेल तर सिलिंडर १५० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास भरून पिस्तुलाला लावा, आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. हवामानामुळे दोन-चार बार इकडेतिकडे होतात. दहाच्या वर उतरला तर कुठलं तरी सील गेलंय. ब्रीचचं सील तपासायला टिश्यू पेपरची पातळ पट्टी ब्रीचच्या फटीजवळ चिकटवा आणि शॉट मारा. पट्टी फडफडली तर हवा मागे येते आहे. ओ-रिंग बदलली की काम होतं, पण हे विक्रेत्यासमोर करून दाखवलेलं बरं.

क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर दहा शॉट्सचा वेग घ्या. मॅच पिस्तुलाचा वेग साधारण सेकंदाला १५० मीटरच्या आसपास असतो. वेग नेमका किती यापेक्षा दहा शॉट्समध्ये फरक किती, ते बघा. दोन-तीन मीटरचा फरक ठीक. सात-आठचा असेल तर रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा व्हॉल्व्ह साफ करायला झालाय. त्यानंतर पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रशिक्षकाकडून पाच शॉट्स मारून घ्या. पाचही पेलेट एकाच फाटलेल्या छिद्रात जायला हवेत, दहाची ११.५ मिमीची रिंग ओलांडायला नकोच. ओलांडली तर लगेच पिस्तुलाला नावं ठेवू नका, आधी पेलेट बदला. पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.५३ ग्रॅमचे, सपाट तोंडाचे मॅच पेलेट वापरतात आणि त्यांच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा डब्यावर लिहिलेला असतो. एखाद्या नळीला ४.४९ मानवतो, एखादीला ४.५०. तीन प्रकार, प्रत्येकी दोन ग्रुप, एवढं पुरतं.

स्क्रूची डोकी बघा. चेमटलेली असतील तर कोणीतरी चुकीच्या ॲलन-कीने आतपर्यंत हात घातलाय. ग्रिप आधीच्या मालकाच्या हाताप्रमाणे तासलेली असेल तर नव्या ग्रिपचा खर्च धरा. तासून कमी केलेलं लाकूड पुट्टीने भरता येतं, पण लहान हातासाठी मोठी ग्रिप दोन्हीकडून दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो. सोबत दुसरा सिलिंडर, भरायचा ॲडॉप्टर, किल्ल्या, कारखान्याचं टेस्ट कार्ड आणि मूळ बिल आहे का? बिल नसेल तर तिथेच थांबा.

हवा कुठे भरणार, हेही घेण्याआधी ठरवा. सिलिंडर सहसा २०० बारपर्यंत भरतात आणि एका भरण्यात दीडशेच्या आसपास शॉट्स निघतात, म्हणजे रोजच्या सरावाला दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं. क्लबमध्ये मोठा सिलिंडर किंवा कंप्रेसर असेल तर उत्तम. हातपंप चालतो, पण त्याला ओलावा धरणारा फिल्टर हवाच, विशेषतः मुंबई आणि कोकणातल्या पावसाळ्यात, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये जातं आणि आतून गंज किंवा पांढरी भुकटी धरते. भरताना वेग कमी ठेवा, सिलिंडर हाताला गरम लागता कामा नये. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि वंगणाचा एक थेंब एकत्र आला तर स्फोट होतो. याच कारणाने ॲडॉप्टरच्या आट्यांना घरातलं तेल लावायचं नाही.

चाचणी संपल्यावर मुलीला साबणाने हात धुवायला लावा आणि मगच जेवणाचा डबा उघडू द्या, पेलेट शिशाचे असतात. दोन दिवसांची कार्डं आणि डोळे मिटून घेतलेल्या नोंदी प्रशिक्षकांना दाखवा, पण कुठल्या पिस्तुलाची कुठली हे आधी सांगू नका. आणि वापरलेलं पसंत पडलं तर व्यवहाराआधी मालकाकडून ते आठवडाभर क्लबच्या कपाटात ठेवून सरावाला मागा, अनामत देऊन. गळका सिलिंडर किंवा सरकणारी साइट तेवढ्या दिवसांत उघडी पडते.